आमची माणसं आणलीत, घर कुठे ठेवलंत?

मोहाडी, जि. भंडारा

जुन्या विनोदी मालिकांतल्या माणसांना कित्येक वर्षांनी पुन्हा पडद्यावर बोलावणाऱ्या समस्त निर्माते, लेखक, दिग्दर्शक मंडळींना,



तुम्ही मला ओळखत नाही. तुमची माणसं मात्र मला ओळखतात, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. श्रीनिवास वागळे, आबा टिपरे, मुसद्दीलाल, हंसा पारेख, मोनिषा साराभाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावी लग्न होऊन आले आणि इथलीच झाले. मुंबईशी माझा संबंध लग्नकार्यापुरता. तरी टिपऱ्यांच्या घरात कोण कुठे बसतं आणि साराभाईंकडे मायाबाई कुठल्या दारातून नाक मुरडत आत येतात, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

तक्रार सरळ आहे. ही माणसं तुम्ही परत आणता, ते आम्हाला हवंच असतं. पण आणताना तुम्ही त्यांना घराबाहेर काढता. ज्या हॉलमध्ये, ज्या सोफ्यावर, ज्या कचेरीच्या टेबलाशी ती आम्हाला भेटली, तिथे त्यांना बसू देत नाही. त्यांच्या गळ्यात कामगिऱ्या बांधता, त्यांना परदेशी पाठवता. नाहीतर अशा जागी नेऊन ठेवता, जिथे आमच्यासारख्यांनी जायचं तर आधी पोराबाळांच्या हातापाया पडावं लागतं. आणि वर जाहिरात करता ती आमच्याच नावाने, की घ्या, तुमची लाडकी माणसं परत आली!

आमची ती कशी झाली, हे आधी ऐका. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' सुरू झाली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात टीव्ही बोटावर मोजण्याइतक्या घरी होते. अँटेना बांबूला बांधलेला, वारा सुटला की चित्र पळायचं आणि कोणीतरी कवेलूवर चढून 'आता आलं का जी?' म्हणून ओरडायचं. खाली सपरीत आणि आत मिळून अर्धा मोहल्ला बसलेला. आर. के. लक्ष्मण यांनी कल्पिलेला तो साधा कारकून, कुंदन शहांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. हिंदीत बोलणारा हा मराठी माणूस आम्हाला परका वाटलाच नाही. नागपूर-भंडाऱ्याकडे बाजारात आम्ही तरी कुठे शुद्ध मराठीत भाव करतो! वागळेवर संकट यायचं तेही आमच्याच मापाचं असायचं. पगार पुरत नाही, पाहुणे येणार आहेत, साहेब काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील. अर्ध्या तासात ते निपटायचं, नाहीतर तसंच राहायचं, आणि पुढच्या खेपेला वागळे पुन्हा त्याच घरात त्याच बायकोसमोर उभा.

या मालिकांचं सगळं बळ यात होतं, की त्यात काही घडत नव्हतं. तुमच्या धंद्यातल्या लोकांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत असणार, पण चित्रपट काढायचं ठरलं की तुम्हाला त्याचीच भीती वाटू लागते. तिकीट काढून आलेल्या माणसाला नुसता हॉल कसा दाखवायचा? मग गोष्ट हवी, खलनायक हवा, डोंगर हवेत, गाड्या उलटायला हव्यात.

'खिचडी'चंच घ्या. २००२मध्ये ती स्टार प्लसवर आली. सासू-सुनांच्या रडारडीच्या त्या काळात पारेखांचं घर म्हणजे आमच्यासाठी सुट्टीच होती. हंसा एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारणार आणि नवरा प्रफुल तो छातीठोकपणे चुकीचा सांगणार. मी तर हा तास वर्गात रोज पाहिलेला. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या तोंडूनही ऐकलेला. त्या घरात खरी गंमत कोणाची होती, ठाऊक आहे? बाबूजींची. अनंग देसाईंचा तो म्हातारा एकटाच शहाणा. त्याला बिचाऱ्याला वर्तमानपत्र वाचायचंय, चहा प्यायचाय, दोन घास सुखाने खायचेत. या एका शहाण्या माणसावर जाऊन आदळायचं, म्हणून बाकीच्यांचा वेडेपणा खणखणीत वाजायचा.

२०१०मध्ये तुम्ही त्यांचा चित्रपट काढलात. तो मी मुकाट्याने पाहिला आणि हसलेही. मग १७ नोव्हेंबर २०२३ला 'खिचडी २ : मिशन पांथुकिस्तान' आला. प्रफुल कुठल्याशा देशाच्या सम्राटासारखा दिसतो, म्हणून सगळ्या पारेखांना गुप्त कामगिरीवर तिकडे धाडलेलं. अहो, तो देशच वेड्यांचा! वाळवंट वेडं, सैनिक वेडे, सम्राट वेडा. आता हंसाचा वेडेपणा आदळणार कुठे? सुप्रिया पाठक तीच आहे, राजीव मेहता तोच आहे, वाक्यांची फेकही तीच आहे. तरी मी आपली पडद्यावर बाबूजींची आरामखुर्ची शोधत बसले.

शिवाय तुमची तारीख पाहा. भाऊबीज नुकतीच झालेली. तेव्हा आमच्या भागात धानकापणी चाललेली असते, आणि गावोगावी मंडई भरत असते. लेकी माहेरी आलेल्या असतात, जिलेबी-भज्यांची दुकानं लागतात, रात्री कुठे दंडार, कुठे खडी गंमत, कुठे वडशाकडच्या मंडळींचं झाडीपट्टीचं नाटक. त्या आठवड्यात मोहाडीचा कोण माणूस धान बांधीत सोडून नागपूरच्या मल्टिप्लेक्सला जाणार होता? तुम्ही आमचा विचार केला नाहीत, याचं मला नवल वाटत नाही. पण पारेख तर आमच्याकडे नेमाने येत होते ना? त्यांना तरी आमची वेळ ठाऊक असायला हवी होती.

खडी गंमतीचं नाव निघालं म्हणून सांगते. शाहीर, नाच्या, सोंगाड्या अशी ठरलेली माणसं. दरसाल तीच येतात. सोंगाड्या मागल्या वर्षीचीच थट्टा करतो, फक्त त्यात या वर्षीचे सरपंच आणि या वर्षीचा धानाचा भाव आलेला असतो. त्याचे दात पडतात, आवाज बसतो, एखाद्या वर्षी त्याच्या जागी त्याचा पोरगा उभा राहतो. 'सोंगाड्याचं भव्य पुनरागमन' अशी पाटी कोणी लावत नाही, कारण तो गेलेलाच नसतो. लोक त्याला ओट्यावरून ओरडून विचारतात, काहो, म्हातारे झाले जी! तोही त्यावर उलटं बोलतो आणि सगळे हसतात. म्हातारपण लपवायचं नसतं, ते खेळात घ्यायचं असतं, हे आमच्याकडच्या न शिकलेल्या कलावंताला कळतं. तुम्ही मात्र पंधरा-वीस वर्षांनी माणसं गोळा करता आणि मधे काळ गेलाच नाही असं दाखवायला त्यांच्या चेहऱ्यावर उजेडाचे झोत मारता.

मराठी माणूस म्हणून एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. 'खिचडी' हा मालिकेवरून निघालेला हिंदीतला पहिला चित्रपट म्हणून त्याचं कौतुक झालं. होऊ द्या. पण आपल्याकडे १९७९मध्येच 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट आला होता. चिं. वि. जोशींची माणसं मुंबई दूरदर्शनने घराघरांत पोचवली होती. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, हे तेव्हाच्या मुंबई-पुण्याच्या माणसांना आपल्या नातेवाइकांइतके पाठ झाले होते. चित्रपटातही तीच जोडी. विदर्भात तेव्हा दूरदर्शन नव्हतंच, त्यामुळे आम्हाला मालिका दिसलीच नाही. माझं माहेर भंडाऱ्याकडचंच, आम्ही चिमणराव पुस्तकातून ओळखत होतो. स्वतः चिं. विं.नीही आपल्या चिमणरावांना एकदा लिहून सोडून दिलं नव्हतं. 'आणखी चिमणराव' आलं, 'चौथे चिमणराव' आलं. एकेका पुस्तकागणिक त्यांचा संसार पुढे सरकत गेला. म्हणजे आवडत्या माणसाला पुन्हा बोलावणं काही पाप नाही. चिं. वि. बोलावत तेव्हा चिमणरावांना घरच्या भानगडींतून मान वर काढायला फुरसत नसे, एवढाच फरक.

'साराभाई व्हर्सेस साराभाई'चं दुखणं निराळं आहे. ती २००४ ते २००६ अशी चालली. आधी फारशी कोणी पाहिली नाही आणि मग पुनःप्रक्षेपणांतून तिची ख्याती झाली. कफ परेडचं ते श्रीमंत घर, आणि समोरच्याच दारात सून मोनिषा. माया साराभाई तिला 'मिडल क्लास' म्हणून टोचायची, तेव्हा इथे मोहाडीत आमची हसून पुरेवाट व्हायची. ती आम्हालाच नावं ठेवत होती की! मोनिषा सेलमध्ये वस्तू घेते, पैसे वाचवण्यासाठी नाना युक्त्या करते, घरात पसारा घालते. आमच्या घरी प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या असत आणि समोर माया झालेली रत्ना पाठक शहा नाकाला रुमाल लावत असे. असा अपमान पैसे देऊनही मिळत नाही.

२०१७च्या मे महिन्यात साराभाई परत आले. नट तेच, सतीश शहा, सुमीत राघवन, रूपाली गांगुली, राजेश कुमार, सगळे. लेखकही तेच. मोनिषाला आता मुलगा झालेला. पण आले ते टीव्हीवर नाही, फोनच्या ॲपवर. माझ्या मुलाने मला ते लावून दिलं. तळहाताएवढा पडदा, त्यात दोन माणसांनी डोकं घालायचं म्हटलं तर तिसऱ्याला काही दिसत नाही. कानात बोंडं घालून मी एकटीच हसत होते आणि शेजारी बसलेल्या जाऊबाईंनी विचारलं, काय झालं? काय सांगणार त्यांना? साराभाईंच्या रोसेशने कविता म्हटली म्हणून सांगू?

विनोदी मालिका बघायला आपल्या आधी हसणारं कोणीतरी घरात लागतं. आमच्याकडे ते मामाजी होते, म्हणजे माझे सासरे. विनोद अर्धवट असतानाच ते हसायला लागायचे आणि ते हसले म्हणून आम्ही हसायचो. पुढचं वाक्य आम्हाला ऐकूच यायचं नाही. तुमच्या ॲपवर वाक्य मागे घेऊन पुन्हा ऐकता येतं, पडदा मधेच थांबवता येतो, खाली अक्षरंही उमटतात. मामाजींची सोय तेवढी त्यात कुठे दिसली नाही.

'वागले'ची गोष्ट वेगळी, ते मान्य करायलाच हवं. २०२१च्या फेब्रुवारीत ती मालिका नव्याने आली, टीव्हीवरच आली, आणि म्हातारे वागळे म्हणून तेच अंजन श्रीवास्तव, त्यांची बायको राधिका म्हणून त्याच भारती आचरेकर. १९८८मध्ये चाळिशीचे असलेले अंजन श्रीवास्तव आता सत्तरी ओलांडलेले. रंगभूषेची गरजच नव्हती, मधली तेहतीस वर्षं त्यांच्या अंगावर होती. माझ्याही अंगावर होती. मुलगा राजेश झाला सुमीत राघवन, म्हणजे काही वर्षांपूर्वी साराभाईंचा लाडका साहिल असलेला माणूस नोकरीची चिंता करू लागला. ते पचवायला मला थोडे दिवस लागले. पण घर होतं. घरात म्हातारा बाप कशात तरी नाक खुपसत होता आणि सून गालात हसत होती. करोनाचे ते दिवस, कोणी कोणाकडे जात नव्हतं, आणि रोज वागळे येत होते. लक्ष्मण २०१५मध्ये गेले, कुंदन शहा २०१७मध्ये. त्यांनी हे पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. पुढे पुढे मात्र दर भागात एकेक सामाजिक धडा येऊ लागला. मी उभा जन्म धडेच शिकवले हो, निदान घरी तरी नको होते. तरी तेवढ्यासाठी मी वागळेला दूषण देणार नाही.

आणि मुसद्दीलाल. 'ऑफिस ऑफिस' २००१ची. त्यातली युक्ती अशी, की मुसद्दी दर वेळी वेगळ्या कचेरीत जाई, कधी वीज, कधी टेलिफोन, कधी इस्पितळ, आणि टेबलामागे बसलेले चेहरे मात्र तेच: पटेल, भाटिया, शुक्ला, पांडेजी, उषाजी. आम्ही तालुक्याच्या गावचे लोक. आम्हाला त्यात अतिशयोक्ती काही दिसलीच नाही. २०११मध्ये 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' हा चित्रपट आला. बायकोच्या अस्थी घेऊन तीर्थाला गेलेला निवृत्त मुसद्दी परत येतो, तर पेन्शन कचेरीने त्याला मृत ठरवलेलं. आता आपण जिवंत आहोत, हे त्यालाच सिद्ध करायचंय. कल्पना अस्सल होती. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेच्या रांगेत उभी राहते, तेव्हा मुसद्दी झालेल्या पंकज कपूरांचा तो वाकलेला खांदा मला पुढच्या माणसात दिसतो. गेल्या खेपेला तर यंत्रावर माझा अंगठा उमटेना. भांडी घासून रेषा गेल्या म्हणे. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काकू, उद्या या. म्हणजे आज मी हयात आहे की नाही, ते उद्या ठरणार होतं.

इतकं जवळचं असूनही तो चित्रपट अंगाला लागला नाही. मुसद्दीचं हरणं अर्ध्या तासाचं होतं म्हणून आम्ही हसू शकत होतो. हरला की निमूट घरी जायचा, पुढच्या आठवड्यात फाइल काखेत मारून ताज्या आशेने दुसऱ्या कचेरीत हजर. दोन तास सलग त्याचा छळ पाहिला की हसू येत नाही, तहसीलदाराला निवेदन द्यावंसं वाटतं.

'हम पांच' २०१७मध्ये नव्या नटांना घेऊन पुन्हा आली, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. 'दे धक्का' ही मालिका नव्हे, चित्रपट; तरी २००८मध्ये खटाऱ्या गाडीत बसून मुंबई गाठणारं ते जाधव कुटुंब २०२२च्या दुसऱ्या भागात लंडनला पोचलेलं पाहिलं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, झालं, यांनाही घराबाहेर काढलंच.

वाटेल की ही मोहाडीच्या बाईची एककल्ली कुरकुर आहे. तर तिकडचंही ऐका. अमेरिकेत १९६४ ते १९६७ 'गिलिगन्स आयलंड' नावाची मालिका होती. बोट फुटून बेटावर अडकलेली सात माणसं. मालिका संपली तरी त्यांची सुटका काही झाली नाही. १९७८मध्ये त्यांच्यावर टीव्ही-चित्रपट निघाला आणि त्यात ती सुटली. पण माघारी आली तर जग बदललेलं, कोणाचं कुठे जमेना. मग सगळी मिळून सहलीला बोटीने निघाली, वादळ आलं, आणि बोट फुटून पुन्हा त्याच बेटावर! लिहिणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं, की या माणसांचं घर ते बेट आहे. आणि अलीकडे, २०२१मध्ये, 'फ्रेंड्स'वाल्यांनी तर पात्रं उभीच केली नाहीत. सहाही नट जुन्या सेटवर जुन्या सोफ्यावर येऊन बसले आणि नट म्हणूनच बोलले. नातीच्या शेजारी बसून मी ते पाहिलं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण सोफा ओळखून नात रडली. पुढे दोन-अडीच वर्षांत त्यांतला चँडलर, मॅथ्यू पेरी, गेला. बरं झालं की नाही, ते तेव्हाच बसून बोलले?

तुमच्या लोकांनाही हे जमतं. २५ ऑक्टोबर २०२५ला सतीश शहा गेले. त्यांच्या अंत्यसंस्काराला साराभाईंची सगळी मंडळी जमली आणि तिथे उभं राहून त्यांनी मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. त्यांच्यातल्या देवेन भोजानींनी तेव्हा सांगितलं, की आम्ही एकत्र आलो की हे गाणं म्हणतोच, म्हणून आजही म्हटलं. काहींना ते विचित्र वाटलं असेल. मला नाही वाटलं. आमच्याकडे भजनी मंडळातला माणूस गेला तर त्याला टाळ वाजवतच नेतात. एका फोनवर टिपलेलं ते मिनिटभराचं दृश्य पाहताना सतीश शहांचा इंद्रवदन पुन्हा एकदा मायाला छळायला आल्यासारखं वाटलं, आणि त्यासाठी ना गोष्ट लागली, ना ॲप.

आता मुद्द्याचं बोलते. मला भीती आहे ती टिपऱ्यांची.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ ते २००५. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून केदार शिंदेंनी केलेली. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. इथे तेव्हा केबल नुकती आली होती, आणि भारनियमनाने त्याच वेळी वीज नेऊ नये म्हणून मामाजी गावच्या चौंडेश्वरीला नवस बोलायचे, ते चेष्टेत बोलायचे की खरंच, आम्हाला कधी कळलं नाही. घरातला म्हातारा मालिकेत मधोमध बसलेला, सून त्याला धरून बोलतेय, नातवंडं त्याच्या डोक्यावर बसतायत, आणि तो चिडतोय, खोड्या करतोय, डायरी लिहितोय. मामाजी एकदा गंभीरपणे म्हणाले होते, 'ह्या बुवाले एकडाव मोहाडीले बोलवा ना जी, चौंडेश्वरीचं दर्शन करवून आणू.' मी म्हटलं, मामाजी, ते नट आहेत. तर माझ्याकडे असे पाहिले, की मीच खुळी.

ती मालिका संपली, त्यानंतर मामाजीही फार राहिले नाहीत.

तेव्हा प्रभावळकर पन्नाशीच्या पुढचे होते, रंगभूषा करून म्हातारे व्हायचे. आज ते ऐंशी ओलांडून गेलेत, आणि २०२५ साली 'दशावतार'मध्ये त्यांनी काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. म्हणजे आबा करायला आता त्यांना विगही नको. तुमच्यातल्या कोणाच्या तरी डोक्यात हे आलंच असणार. जुन्या नावाला आधीच ओळख असते, जाहिरात अर्धी होऊन जाते, हे गणित मलाही समजतं. आणि मग तुम्ही काय कराल, तेही मला दिसतं. शिऱ्या कॅनडात असेल. आबांना त्याच्या लग्नाला विमानाने नेतील. विमानात आबा काहीतरी गोंधळ घालतील. शलाकाचा घटस्फोट होता होता राहील. मध्यंतराला आबा हरवतील आणि सगळं कुटुंब परक्या शहरात त्यांना शोधत फिरेल.

नका हो असं करू. आबा हरवण्यासाठी नाहीत. त्यांना त्याच घरात ठेवा. आता शेखर निवृत्त झाला असेल. बाप आणि मुलगा दोघेही पेन्शनर, दोघांत एक वर्तमानपत्र. श्यामलेचे गुडघे दुखत असतील. आबांना यंत्रावर अंगठा उमटत नसेल. यात तुम्हाला गोष्ट दिसत नसेल तर मोहाडीला या. बँकेच्या रांगेत माझ्या मागेपुढे दहा टिपरे उभे करून दाखवते.

आणि आणणार नसाल तर तसं एकदा स्पष्ट सांगून टाका, म्हणजे वर्तमानपत्रात 'पुनरागमन' वाचलं की काळीज दचकायचं थांबेल. आणणार असाल तर टीव्हीवर आणा, रात्रीची जेवणं झाल्यावरची वेळ ठेवा, आणि नोव्हेंबरात आणू नका. धान चुरून होईस्तोवर जानेवारी उजाडते.

आपली,
मोहाडीची एक प्रेक्षक